दोन गाठी शिल्लक

१

फेजमधले रेशमी दोऱ्यांचे दुकानदार सी तोहामी सापडले ते रंगाऱ्यांच्या गल्लीमागच्या एका पडीक हौदात, आणि सापडले तेव्हा ते निळे झाले होते. मरणाने नव्हे, निळीने. हौदाच्या तळाला वर्षानुवर्षांची नीळ साचली होती आणि ती त्यांच्या दाढीत, नखांत, डोळ्यांच्या कडांत शिरली होती. आंघोळ घालणाऱ्यांनी सात वेळा पाणी बदललं. शेवटी ते तसेच पुरले.

इतके दिवस पाण्यात राहिलेला माणूस नेमका कोणत्या दिवशी मेला, हे डॉक्टरला सांगता येईना. मग दिवस पोलिसांनीच ठरवला. बुधवार, सफर महिन्याची तीन तारीख. त्या दुपारी भर बाजारात सी तोहामींचं बुश्ता नावाच्या रंगाऱ्याशी भांडण झालं होतं. रेशमाचा रंग उतरला म्हणून हे बोलले, आणि तो तापट प्राणी सगळ्यांदेखत म्हणाला, "पुन्हा आलात तर हौदात बुडवीन!" त्यानंतर सी तोहामींना कुणी जिवंत पाहिलं नाही. दहा दिवसांनी ते हौदातच मिळाले. आणखी काय हवं होतं?

हे सगळं मला कासाब्लांकात फोनवर कळलं. मी बतूल. चाळीस वर्षं दाईचं काम केलं. पोटुशी बाई दारात उभी राहून तारीख सांगायला लागली की माझी बोटं आपोआप मोजायला लागायची. आता काम सुटलं, बोटांची खोड मात्र गेली नाही. सी तोहामींची बायको घिता ही माझी फेजमधली बालमैत्रीण. आमच्याकडे नवरा गेला की बाई चार महिने दहा दिवस नखशिखांत पांढरं नेसते. मेंदी नाही, सुरमा नाही, अत्तर नाही. दिवस भरले की हमामला न्हायला जाते, मेंदी लावते, रंगीत नेसते, आणि आम्ही बायका तिच्याभोवती जमतो. घिताच्या दिराचा निरोप आला, "वहिनी शुक्रवारी पांढरं उतरवणार. तुम्ही या." म्हणून मी शुक्रवार ते रविवार अशी दोन रात्रींची पिशवी भरून गाडीत बसले.

शुक्रवारी दुपारी फेजच्या जुन्या शहरात शिरावं लागू नये. एरवी जिथे खांद्याला खांदा लागतो, तिथे सगळी दुकानं बंद, माणसं नमाजाला. आच्छादलेल्या गल्ल्यांत भरदुपारी अंधार. माझ्याच पावलांचा आवाज भिंतीवर आपटून मागून यायचा, आणि दोनदा मी वळून पाहिलं.

घिताच्या दाराशी एक बाई जमिनीवर बसली होती. मला बघून उठली.

"लल्ला, तुम्ही आत जाताय ना? त्यांना एवढंच विचारा, माझ्या माणसाने खरंच मारलं असं त्यांना वाटतं का? सोमवारी निकाल आहे. वकील म्हणतो, वीस वर्षं."

ती यामना, बुश्ताची बायको. दर शुक्रवारी येऊन बसायची म्हणे. एवढ्यात दार उघडलं. उंबऱ्यात घिता उभी होती, डोक्यापासून मोज्यांपर्यंत पांढरीफटक.

"अगं, हमामला नाही गेलीस?" मी म्हटलं. "आज तर तुझे दिवस भरले."

"आज नाही," घिता म्हणाली. तिने यामनाकडे पाहिलंच नाही. "रविवारी. तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर."

२

अंगणात मेंदीवाली म्बारका आपली भांडी पुन्हा बांधत होती आणि तोंडाने पुटपुटत होती. "चाळीस वर्षांत एकही विधवा मला मेंदी कालवल्यावर परत पाठवायला धजावली नाही!" घितापुढे नव्या हिरव्या पोशाखाचा डबा उघडा पडला होता आणि दीर मफद्दल त्याच्याभोवती येरझारा घालत होता. दोन्ही भावांचं रेशमी दोऱ्यांचं दुकान एकच, पण स्वभाव वेगळे. थोरला अबोल होता, हा मधाचं बोट लावून बोलणारा.

"लल्ला बतूल, तुम्हीच समजावा आता. पाहुणे आले, कुसकुस शिजलं, आणि हिचं हे. लोक काय म्हणतील?"

"मला ताप आहे," घिता म्हणाली.

मी दाई आहे हे ती विसरली होती. मी तिचा हात हातात घेतला. थंडगार होता.

"ताप आहे," मी मफद्दलला सांगितलं. मैत्रिणीसाठी एवढं खोटं चालतं. तो पाय आपटत पाहुण्यांना परत पाठवायला गेला.

ती बसली होती त्या गादीवर उशीखालून रेशमी दोऱ्याचं एक टोक बाहेर आलं होतं. मी सहज ओढलं. लांबच लांब पांढरा दोरा, बाकी सगळा सुटा आणि सुरकुतलेला, फक्त टोकाला दोन गाठी.

"हे काय गं?"

"दिवस मोजते. रोज एक गाठ सोडायची." तिने दोरा माझ्या हातातून हिसकावून घेतला. तेवढ्यावरून हिसकावण्यासारखं काय होतं, मला कळेना.

"मग या दोन कसल्या राहिल्या?"

"चुकून जास्त मारल्या असतील."

घिता चुकून काही करणारी बाई नव्हे. लहानपणी दोरीवरच्या उड्या मोजताना तिचा आकडा कधी चुकला नाही, आणि माझा चुकला तर मला पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावायची. माझ्या मनात पाल चुकचुकली.

त्या संध्याकाळी मी वरच्या खोलीत झोपायला जाऊ लागले तर तिने माझी पिशवी धरली. "तिथे नको. खाली झोप, माझ्याजवळ." वरच्या खोलीला कुलूप होतं. पूर्वी पाहुणे तिथेच उतरायचे.

"का गं? काय आहे तिथे?"

घिता वर बघत म्हणाली, "भिंत शेजाऱ्यांची आहे. आवाज जातो."

३

शनिवारी सकाळी मी शेजारी गेले. तिथे लल्ला झहोर राहते. ऐंशीच्या पुढची, आम्हा दोघींना तिने परकरात पाहिलं आहे. मला बघून रडायलाच लागली.

"बरं झालं आलीस पोरी. माझं कफन शिवून ठेवलंय, एकदा बघून जा."

"अहो, असं काय बोलता? धडधाकट तर आहात."

"मला बोलावणं आलंय," ती हळूच म्हणाली. "तोहामीने बोलावलंय. मेल्यानंतर."

तिने मला हाताला धरून तिच्या माडीवरच्या भिंतीपाशी नेलं. भिंतीच्या पायथ्याशी पाण्याचा वाडगा होता. पलीकडे घिताची ती कुलूपबंद खोली.

"त्या बुधवारी तो मेला ना? रंगाऱ्याने बुडवला असं गल्लीत तेव्हाच बोलत होते. त्यानंतर दोन दिवसांनी, शुक्रवारी, भर दुपारी. सगळे पुरुष नमाजाला गेलेले. गल्लीत चिटपाखरू नाही. मी इथे बसून डाळ निवडत होते, आणि भिंतीतून आवाज आला. 'पाणी.' तोहामीचाच आवाज गं, मी ओळखणार नाही का? पण असा, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. मग परत, 'पाणी.' माझ्या हातातलं सूप पडलं."

"मग?"

"मग तिसऱ्यांदा." तिने माझं मनगट घट्ट धरलं. "तिसऱ्यांदा पाणी नाही म्हणाला. माझं नाव घेतलं. 'झहो...' एवढंच. अर्ध्यावर थांबलं. पुरतं नाव घेतलं असतं ना, तर मी तिथेच गेले असते. म्हणून अजून आहे. उरलेलं अर्धं घ्यायला तो येईल."

खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही त्या भिंतीत काहीतरी श्वास घेतंय असं वाटलं. वाडग्यातलं पाणी अर्धं कमी झालं होतं.

"रोज कमी होतं," झहोर म्हणाली. तिच्या कोनाड्यात एक जाडजूड मांजर मिशा चाटत बसलं होतं, तेव्हा पाण्याचं कोडं तिथल्या तिथे सुटलं. आवाजाचं मात्र सुटेना.

"तुम्ही हे कुणाला सांगितलंत?"

"घिताला सांगितलं, त्याच आठवड्यात. ती अशी पांढरी पडली! म्हणाली, खाला, मेलेल्यांचं कुणाला सांगू नये, ते परत येतात. म्हणून गप्प राहिले."

म्हणजे भिंतीतल्या त्या आवाजाची गोष्ट घिताला पहिल्यापासून ठाऊक होती.

४

बाजार शनिवारी पुन्हा जिवंत झाला होता. गाढवं, हमाल, "बाजू, बाजू!", कोथिंबिरीचे भारे, तांबटांची ठोकठोक. त्या गर्दीत मला बरं वाटलं. मफद्दलच्या दुकानात गेले. दोऱ्यांच्या रंगीबेरंगी रिळांमध्ये तो दोन गोऱ्या पाहुण्यांना घराचे फोटो दाखवत होता. अंगण, कारंजं, वरची खोली. मला बघून फोटो उलटे केले.

"घर विकताय?"

"पाहुण्यांसाठी हॉटेल होईल. भाऊ कधी ऐकायचा नाही, हट्टी होता बिचारा." त्याने चहा मागवला. "मूलबाळ नाही, घर माझ्याकडेच आलंय. पण वहिनीला मरेपर्यंत खालची एक खोली देईन, असा शब्द दिलाय मी."

"आणि रविवारचं काय म्हणता? ती दोन दिवस का थांबलीय?"

"बायकांचं डोकं, लल्ला. दुःखाने हललंय." त्याने खांदे उडवले. त्याला खरोखरच कळलं नव्हतं, एवढं मी त्याच्या तोंडावरून ताडलं. "उतरवायला सांगितलं तर म्हणते, 'मी देवाला काय सांगू?' घ्या, आता देवाचं यात काय?"

तिथून मी रंगाऱ्यांच्या गल्लीत गेले. यामना नवऱ्याच्या जागेत एकटीच लोकरीच्या लडी पिळत होती. जमिनीवरून लाल, पिवळं, काळं पाणी एकमेकांत मिसळत नाल्याकडे चाललं होतं.

"बुश्ताला कधी धरलं, नीट आठवून सांग."

"आठवायचं काय त्यात? गुरुवारी, सूर्यास्ताला, मगरिबच्या बांगेच्या वेळी. जेवायला बसला होता. तेव्हापासून सुटलाच नाही हो. एक दिवस नाही. या जागेला तीन आठवडे कुलूप होतं, मागचा हौद उघडाच. कुणीही यावं."

"गुरुवारी. नक्की?"

"लल्ला, तुमच्या नवऱ्याला ताटावरून उठवून नेलं तर तुम्ही वार विसराल का?"

मी तिथेच ओल्या ओट्यावर बसले आणि बोटांवर मोजायला लागले. सफर तीन, बुधवार. चार चांद आणि दहा दिवस. संपतात शुक्रवारी. बरोबर, मफद्दलने निरोप त्याच हिशेबाने धाडला. मग उलटं मोजलं. रविवार, असरनंतर. दहा दिवस मागे, चार चांद मागे. सफर पाच. शुक्रवार. असर.

पुन्हा मोजलं, आणि पुन्हा तेच आलं.

यामना घाबरून माझ्याकडे बघत होती. "काय झालं, लल्ला? तुमचा चेहरा असा का झाला?"

तिला काय सांगू? झहोरला हाक मारणारा मेलेला नव्हता, हे मला आत्ता कळत होतं.

५

त्या शनिवारी मी घिताशी एक शब्द बोलू शकले नाही. रविवारी दुपारी, जोहरचा नमाज आटोपल्यावर, मी तिच्यासमोर बसले. दोऱ्याला एकच गाठ उरली होती.

"आजारी बाई बरं वाटल्यावर हमामला जाते," मी म्हटलं. "ती वेळ सांगत नाही. तू घटका सांगितलीस. घिता, तुझा नवरा बुधवारी मेला नाही. शुक्रवारी असरला मेला. म्हणून तुझे दिवस आज असरला भरतात."

त्या गाठीवर तिने अंगठा ठेवला.

"बुश्ता गुरुवारपासून कोठडीत होता. शुक्रवारी दुपारी झहोरने भिंतीतून आवाज ऐकला तो भुताचा नव्हता, वरच्या खोलीतल्या माणसाचा होता. आणि त्याच्या मरणाची वेळ घटकेसकट ठाऊक असायला तू उशाशी असायला हवीस. उद्या सकाळी तो रंगारी वीस वर्षांसाठी आत जाईल. आता बोल."

"तू पण ना, बतूल," ती म्हणाली, "लहानपणापासून मोजण्यात माझ्या मागेच होतीस. एवढं एकच नीट मोजलंस."

आणि ती हसली. मला ते हसणं सोसलं नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला. "काय चाललंय?" मफद्दल दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने सावकाश कडी लावली.

"पुरावा काय आहे, लल्ला बतूल? म्हातारीचं भूत आणि एक दोरा?" मग घिताकडे वळला. आवाज पुन्हा मधाचा. "वहिनी, ती आजची गाडी पकडून जाईल. तू कुठे जाशील? मी एकटा आत जाणार नाही हे लक्षात ठेव. तीन दिवस उशाशी कोण बसलं होतं?"

"मीच बसले होते," घिता म्हणाली. मग माझ्याकडे बघून बोलू लागली, जणू तो तिथे नव्हताच.

"बुधवारी घर विकण्यावरून हे दोघे जिन्यात भांडले. याने ढकललं. ते वरून खाली आले ते डोक्यावरच. याने मला शपथ घातली, डॉक्टर नको, उद्या शुद्धीवर येतील, नाहीतर मी फासावर जाईन. मी ऐकलं. आम्ही दोघांनी वर नेऊन ठेवलं. चमच्याने पाणी घालत होते. गुरुवारी याने बाहेर जाऊन रंगाऱ्याचं नाव घेतलं, तेही मला नंतर कळलं. आणि शुक्रवारी दुपारी ते शुद्धीवर आले."

"वहिनी!"

"पूर्ण शुद्धीवर आले, बतूल. पाणी मागितलं. माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं आणि शेजारच्या झहोरला हाक मारायला लागले. मदतीला. मला वाटलं, आता सगळ्यांना कळणार, हे घर जाणार, मी रस्त्यावर येणार." तिने आपला उजवा हात वर केला. "मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. जोरात नाही. आवाज बंद होण्यापुरता. ते माझ्याकडे बघत राहिले. श्वास मंद होत गेला. असरची बांग झाली तेव्हाही बघतच होते, पण त्यांना मी दिसत नव्हते."

मी तिची मैत्रीण, आणि त्या क्षणी मला तिच्या जवळ बसवेना. मी सरकून बसले. तिने ते पाहिलं.

"दुसऱ्या दिवशी सकाळी याने त्यांना लोकरीच्या गाठोड्यात बांधून गाढवावर टाकलं आणि भर बाजारातून नेलं. लोक बाजूला होऊन वाट देत होते."

"कोर्टात खोटं बोललीस," मी म्हटलं. "रंगाऱ्याला सडू दिलंस. मग पांढऱ्याचे दोन दिवस कमी केले असतेस तर काय बिघडलं असतं?"

"कोर्टाला फसवता येतं गं." तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "त्यांचे दिवस होते ते. ज्याचा जीव घेतला, त्याच्या दिवसांत पण चोरी करू?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि यामनाच्या माणसाचे दिवस? ते कुणी मोजले?"

बाहेर असरची बांग सुरू झाली. तिने दोरा उचलला, शेवटची गाठ नखाने उकलली, आणि उभी राहिली. हिरव्या पोशाखाच्या डब्याकडे तिने बघितलंही नाही. तशीच पांढऱ्यात दाराकडे निघाली. मफद्दल आडवा आला.

"बाजूला हो," ती म्हणाली. "नाहीतर मी इथूनच झहोरला हाक मारते. पूर्ण नावाने."

तो बाजूला झाला.

६

रविवारच्या बाजारातून आम्ही दोघी चौकीवर गेलो. पांढऱ्यातली विधवा हमामच्या दिशेने न जाता चौकीकडे चाललेली बघून भाव करणारे गप्प होत गेले. वाटेत यामना दिसली. घिता थांबली, चार महिन्यांत पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं, आणि म्हणाली, "तुझ्या माणसाने मारलं नाही. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं." यामनाने हात उगारला. मग तो तसाच खाली आला. घिताने पदरही सावरला नाही, मार खायला तयार उभी होती.

मफद्दलला त्याच संध्याकाळी बस अड्ड्यावर धरलं. झहोरला मी सगळं समजावून सांगितलं. ती ऐकून भिंतीकडे वळली आणि म्हणाली, "म्हणजे जिवंत माणूस मला मदतीला बोलावत होता, आणि मी गोधडीत डोकं खुपसून बसले?" मला वाटलं होतं तिची भीती जाईल. मी न सांगते तर बरं झालं असतं.

परतीचं तिकीट वाया गेलं. कोर्टाचे कागद हलायला बुधवार उजाडला. तुरुंगाच्या फाटकाबाहेर यामनाबरोबर मी उभी होते. बुश्ता बाहेर आला, दाढी वाढलेला, उन्हात डोळे मिचकावत. तिच्याजवळ येऊन त्याने दोन्ही हात पुढे केले.

रंगाऱ्याचे हात कोपरापर्यंत रंगलेले असतात. लग्नात रंगलेले, ईदला रंगलेले, कितीही घासा, रंग जात नाही, कारण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा चढतो. सव्वाचार महिने कोठडीत बसून बुश्ताचे हात धुऊन निघाले होते. कुठल्याही कारकुनाचे असावेत तसे फिकट, मऊ.

यामनाने ते हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले. बावीस वर्षांच्या संसारात तिने ते कधी पाहिलेच नव्हते.

"हे कुणाचे हात घेऊन आलास रे?" ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिला रडू आलं.